नानांच्या नावावरचा गोल

फुटबॉलचा सामना नाना कधी बसून पाहत नसत. मंडपातली खुर्ची सोडून गोलपोस्टच्या मागे उभे राहत. "क्रिकेटला अकरा जण उभे आणि दोघं खेळतात. इथे बघणाऱ्यानंही पळायला हवं," म्हणत. आमच्या रत्नागिरीच्या दैनिकात क्रिकेटला अर्धं पान मिळे आणि नानांच्या फुटबॉलला हाताच्या पंजाएवढी जागा. तेवढ्यात ते बदली खेळाडूचंही नाव गावासकट बसवत. "पेपरात नाव आलं की कातरून ठेवतात रे घरचे."

शेवटच्या दोन वर्षांत ते गोलच्या मागे उभे राहत ते वेगळ्याच कारणाने. काचबिंदूने त्यांना पलीकडची बाजू दिसेनाशी झाली होती. हे फक्त मला, त्यांच्या हाताखालच्या शिकाऊ बातमीदाराला, माहीत होतं. "ऑफिसात बोललास तर घरी बसवतील मला," त्यांनी बजावलं होतं. सामना मी बघायचा, त्यांना सांगायचा, त्यांनी बातमी तोंडी सांगायची, मी टाइप करून वाचून दाखवायची, मग पाठवायची. नाव त्यांचं.

एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर नानांची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ होती. "तूच लिही आज. पण पाठवण्याआधी फोनवर वाचून दाखव." मला लेखकपणाची उबळ आली. विजयी गोल मारणाऱ्याच्या पाठीवर 'मयूर, १०' असं होतं. मी ठोकून दिलं, 'पावसच्या मयूरने मैदान मारलं!' इतकं झकास वाटलं की फोन करायला विसरलो आणि तसंच नानांच्या नावाने पाठवून दिलं.

मयूर महिन्यापूर्वी हायवेवर अपघातात गेला होता. मित्र त्याचा शर्ट घालून खेळला. सामन्याआधी माइकवरून हे सांगून दोन मिनिटं शांतताही पाळली होती. तेव्हा मी मैदानाबाहेर वडापाव खात होतो.

सकाळी मयूरचे वडील पेपर घेऊन ऑफिसात आले. भांडायला आले असते तर बरं झालं असतं.

"त्याची आवस पहाटपास्ना दारात बसलीय," ते म्हणाले. "म्हनते, काल गोल मारलान ना, मग येयल आता. तुमीच काय ता सांगा तिला. माझा ऐकत नाय."

संपादकांनी नानांकडे पाहिलं. मी संगणकात डोकं खुपसलं.

"चूक माझी," नाना म्हणाले. "मला मैदान दिसत नाही, साहेब. दोन वर्षं झाली." मग त्या गृहस्थांकडे वळले, "चला. मी येतो पावसला."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "नाना, मी येतो ना."

"तू काय सांगणार तिला? वडापाव खात होतो म्हणून?"

एसटीच्या पायऱ्या त्यांना त्या गृहस्थांनीच हाताला धरून चढवल्या.

नाना पुन्हा ऑफिसात आले नाहीत. मयूरच्या आईला काय सांगितलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही, आणि गेल्या वर्षी नानाही गेले. नाना पावसला गेले त्याच दुपारी संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, "उद्यापासून फुटबॉल तू बघ" म्हणाले.

मी 'हो' म्हणालो.