हौसाबाई मोजत असताना

वाशीमच्या दवाखान्यात हौसाबाई नर्स होत्या आणि बोलणं हा त्यांचा जोडधंदा होता. मुख्य धंदा कोणता, याबद्दल मात्र आजाऱ्यांत मतभेद होते. पांढरं लुगडं नेसून, छातीवर उलटं घड्याळ टाचून त्या सकाळी वॉर्डात शिरत, तेव्हा सुरू झालेलं बोलणं त्या घरी पोचल्यावरही संपत नसे. पंचावन्न-छप्पन्न सालच्या सुमाराची गोष्ट. मला मुदतीचा ताप आला आणि मी त्यांच्या तावडीत सापडलो. ताप उतरला, पण कानांना बरं व्हायला पुढे बराच वेळ लागला.

त्यांची जीभ थांबायची ती एकाच कामापायी. आजाऱ्याचं मनगट हातात घेतलं आणि नजर घड्याळावर गेली, की वाक्य असेल तिथं तुटायचं. "काल जऊळक्याच्या ठेसनावर माही नणंद उतरली, त तिच्या डोक्यावर—" आणि एकदम शांत. सगळा वॉर्ड श्वास धरून बसायचा. मोजून झालं की, "—येवढं मोठं कोहळं!"

शेजारच्या खाटेवर जानराव नावाचे दम्याचे मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सावध केलं. "बाई जिथं तुटली तिथूनच पुढं बोलली, का समज तू ठीक हायस. इसरून दुसरंच बोलाले लागली, त मंग डाक्टर येते पाय!" हौसाबाई आमची नाडी बघत होत्या आणि आम्ही त्यांची. मला विचाराल तर त्यांच्या हातातल्या काचेच्या नळीपेक्षा आमचा भरवसा कोहळ्यावर जास्त होता.

त्यांची आणखी एक युक्ती होती. नाडी मोजून झाली तरी त्या मनगट सोडत नसत. नजर हळूच छातीकडे नेत आणि श्वास मोजत. आपले श्वास कोणी मोजतंय असं कळलं, की माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा वागतो. खरा श्वास राहतो बाजूला. म्हणून ही गोष्ट आजाऱ्याला कळू द्यायची नसते. ती बाहेर ठाऊक होती फक्त एका माणसाला, हौसाबाईंच्या नवऱ्याला. कारण वॉर्डातली प्रत्येक गोष्ट त्या रोज संध्याकाळी त्यांना सांगत.

हे भगवंतराव आमचे शेजारी. आमच्या कुंपणाला लागून त्यांचा वांग्यांचा मळा. बायको जितकी बोलकी तितका हा माणूस अबोल. "गप बस वं जराशी" हे एवढंच त्यांचं घरातलं संभाषण, आणि तेही वाया जाई.

त्याच वर्षी हिवाळ्यात पहाटे मोट धरून, पाण्यात उभं राहून भगवंतराव आजारी पडले. अंगात ताप, कुशीत कळ, खोकताना तोंड वाकडं होई. हौसाबाई म्हणाल्या, दवाखान्यात चला. भगवंतराव म्हणाले, वांगी तोडणीला आली, बाजार तोंडावर आहे. वांग्यांचं निमित्त होतं. वॉर्डाच्या दाराशी एक खाट होती. ज्याचं दुखणं जड, त्याला हौसाबाई नजरेसमोर राहावा म्हणून तिथं ठेवत. त्या खाटेवरून कोण कसा गेला हे भगवंतरावांनी रोज संध्याकाळी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांना ती खाट मसणवटीसारखी वाटे.

मी समाचाराला गेलो तेव्हा नवरा-बायकोची ही लढाई ऐन भरात होती. हौसाबाईंनी थर्मामीटर झटकून हातात घेतलं, तोवर या गृहस्थांनी तांब्याभर गार पाणी पिऊन घेतलं. हौसाबाईंनी नळी तोंडाऐवजी काखेत घातली. ताप होता तेवढा दिसला. मग मनगट धरलं. नाडीवर भगवंतरावांचं काही चालणार नव्हतं, पण श्वास आपल्या हातात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायकोची नजर छातीकडे वळताच हा माणूस समाधी लावल्यासारखा सावकाश श्वास घ्यायला लागला. कुशीत कळ येत असणार, कपाळावर घाम आला होता, पण पठ्ठ्या हलला नाही.

हौसाबाईंनी मनगट सोडलं. नाडी सुसाट आणि श्वास असा निवांत, हे जमणार कसं? त्या उठल्या आणि सुपात तुरीची डाळ घेऊन आल्या. खडे वेचायला बसल्या. मी त्यांच्या बाजूला बसलो होतो म्हणून मला दिसलं: त्यांनी छातीवरचं घड्याळ काढून हळूच डाळीत ठेवलं होतं.

"अवो, आयकलं का? जऊळक्याच्या जिजाबाईच्या लेकीचं लगन जमलं!" बोलणं सुरू झालं. भगवंतरावांनी सुटकेनं डोळे मिटले. बाई बोलतेय म्हणजे मोजणं संपलं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा अनुभव. छाती आपल्या मनानं चालू लागली. आखूड, घाईचा श्वास, मध्येच अडकणारा. नाकपुड्या फुलत होत्या. आणि दर श्वासाला हौसाबाईंचं बोट डाळीचा एक दाणा बाजूला सारत होतं. जीभ जऊळक्याच्या लग्नात, बोट सुपात. ही बाई बोलता बोलता मोजते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"जिजाबाई म्हणे का, मी लेकीले आंदनात—"

इथं त्या थांबल्या. बाजूला सारलेल्या डाळीकडे पाहत राहिल्या. मला वैद्यकी कळत नाही, पण ढीग मोठा होता हे मलाही दिसत होतं. मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. भगवंतरावही डोळे मिटून वाट पाहत होते. हौसाबाईंचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. डोळ्यांतून पाणी टपटप डाळीत पडायला लागलं. मला तेव्हा खरोखर भीती वाटली.

भगवंतरावांनी डोळे उघडले. बायकोचं तोंड पाहिलं, सूप पाहिलं, त्यातलं घड्याळ पाहिलं.

"लय खडे निंगाले काय वं?"

हौसाबाईंनी नुसती मान हलवली. भगवंतरावांनी अंगावरची घोंगडी बाजूला सारली. मग मला म्हणाले, "चंपत गड्याले गाडी जुंपाले सांगा."

त्यांना वॉर्डाच्या दाराशी त्याच खाटेवर ठेवलं. डॉक्टरांनी न्युमोनिया सांगितला आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. हौसाबाई कामावर होत्या, नाडी बघत होत्या, थर्मामीटर झटकत होत्या, पण बोलत नव्हत्या. वॉर्डाला ते सहन होईना. दम्यापायी पुन्हा तिथंच येऊन पडलेले जानराव मला म्हणाले, "बाईले कोणीतरी बोलतं करा बाप्पा, जीव घाबरून राह्यला."

एके सकाळी मी भाकरीचा डबा घेऊन गेलो, तर भगवंतरावांचं अंग घामानं भिजलेलं आणि चेहरा उतरलेला. हौसाबाई मनगट धरून उभ्या होत्या. नजर घड्याळावर, मग छातीवर. भगवंतराव या वेळी कसलीही लबाडी न करता, जसा येईल तसा श्वास घेत पडले होते आणि बायकोच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. सगळा वॉर्ड तिकडेच पाहत होता.

हौसाबाईंनी मनगट हळूच खाली ठेवलं.

"—काळी म्हैस देईन!"

जानराव खोकता खोकता हसायला लागले. भगवंतरावांचे डोळे भरून आले. तोंडावरून पंचा फिरवत ते बायकोला म्हणाले, "मंग?"

एवढ्या संसारात त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच काढला होता. हौसाबाईंनी स्टूल ओढलं आणि म्हशीच्या शिंगांपासून सुरुवात केली.