मायच्या हाताले करंट

मायच्या मानेले करंट लावत तेव्हा मी आठवीत होती, अन् खरं सांगू का, मले ते मशीन बहुत आवडे. मोठ्या दवाखान्यातली एक खोली, टेबलावर लाकडाची पेटी, पेटीवर काळं बटन. मशीन चालवणारी बाई मायच्या मानेवर न् उजव्या हातावर ओल्या गाद्या पट्ट्यानं बांधे, बटन हळूच फिरवे, अन् आखडलेली मान सैल होत जाय. दिवसभर सुपावर वाकून बिड्या वळणारी माय सरळ झोपलेली मी तिथंच पाहिली.

"मुंग्या आल्या का?" बाई विचारे.

"आल्या जी."

"बिड्या बंद केल्या ना? आराम पाहिजे."

"बंदच हाय."

झूट. करंट लावून घरी आलो का दोन-चार घंटे दुखणं गायब, अन् तेवढ्यात माय दुप्पट वळे. "मान मोकळी हाय तोवर बसू दे वं," म्हणे. आधी दुखलं का ती अर्ध्यातून उठे तरी. आता उठतच नव्हती. अन् मी बाजूले बसून पटापट पानं कापून देऊन राहिली होती, खुशीत.

एकदा बाईनं मले दारात थांबवलं. "आईची मान दरवेळी दगडासारखीच लागते. घरी काय करते गं ती?"

"काही नाही. झोपून राहते."

मायनं तसंच सांगाले लावलं होतं. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

मंग बाईनं करंट वाढवला. दर खेपेले थोडा जास्त.

अन् एक दिवस गाद्या बांधल्या, बटन फिरलं. माय छताकडे पाहून राहिली होती अन् तिची बोटं चादरीवर उडून राहिली होती, आपोआप. मले दिसत होती. बाईले दिसत होती.

माय म्हणाली, "काहून वं बाई, आज लाईन नाही का? सुरू करा ना."

बाईनं बटन शून्यावर आणलं. मायचा हात उलटा करून पिन टोचली. "इथं समजते?"

"कुठं?"

तेव्हा मी बोलली. बिड्या, दुप्पट, पानं, सगळं एका दमात. बाई रागावली नाही. तशीच डॉक्टरले बोलवाले गेली.

खोलीत आम्ही दोघीच. मायनं मले एक शब्द वाईट म्हटला नाही. डाव्या हातानं उजवा हात उचलून पोटावर ठेवला अन् म्हणाली, "उद्यापासून तू वळशीन."

मी हो म्हटलं.