ब्रेकबाईंची चौथी फेरी

ज्या बाईंनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याला गाडी येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लायसन्सच्या परीक्षेला ते तीनदा बसले आणि तीनदा आपटले. तिसऱ्या वेळी तर परीक्षकानेच हात जोडून त्यांना गाडीतून उतरवलं, असं बाई सांगायच्या. नवरा म्हणायचा, हात जोडले नव्हते, नुसता नमस्कार केला होता.

बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा उजवा पाय बावीस वर्षं त्या ब्रेकवर होता. इतका, की दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्या तरी पाय आपोआप दाबला जायचा आणि खालची चटई बिचारी गोळा व्हायची. स्कूल म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. तिथे दोन बाकं आणि खुणांचा एक फळा. मधल्या पातळ भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात नवरा संध्याकाळचा चहा घेत बसलेला असायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "आता कसं दिसतंय?" विचारायचं, हा त्याचा धंदा. म्हणून बाईंच्या विद्यार्थ्यांनी त्याचं नाव चष्मेवाले ठेवलं होतं. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज खणखणीत यायचा.

"लाल म्हणजे लाल. मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून तो हिरवा होत नाही. रस्ता मोकळा दिसतोय म्हणूनही होत नाही. कळलं?"

आणि मग, दर वर्गाला न चुकता: "पण चौकात पोलीस उभा राहून हात करत असेल तर दिव्याकडे बघायचंच नाही. पोलिसाचा हात दिव्यापेक्षा मोठा. तो बसलेला असेल, फोनवर बोलत असेल, तर मात्र तो नाहीच असं समजायचं."

त्या ब्रेकनेच बाईंचा उजवा गुडघा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, पोहा. बाई पन्नाशीला टेकल्या होत्या तेव्हा पाण्यात उतरल्या, आणि मग त्यांना कुणी बाहेर काढू शकलं नाही. पाठोपाठ सायकल आली. सायकलमागून पळणं आलं. तलावावर ओळख झालेल्या एका नर्सने ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घातलं: आधी तलावात पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं, सगळं एकाच दिवशी, आणि तेही लांब पल्ल्याचं. सकाळी उजाडता निघायचं आणि अंधार पडता पोचायचं.

"वहिनी," नणंद म्हणाली, "एवढा जीव काढून पोचायचं कुठं? तर जिथून निघालात तिथंच ना?"

बाई नुसत्या हसल्या. पण खरं सांगायचं तर कारण साधं होतं. बावीस वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून त्यांनी दुसऱ्यालाच पुढे नेलं होतं. स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात, यांच्या वाट्याला फक्त थांबवणं. सायकलवर बसल्यावर पहिल्यांदाच पाय पुढे जायला वापरायला मिळाले, आणि ते त्यांना इतकं आवडलं की त्या लहान मुलीसारख्या हट्टाला पेटल्या.

गेल्या वर्षी दुसऱ्या शहरात त्या पहिल्यांदा उतरल्या. पोहणं छान झालं. पाण्यात सिग्नल नसतात, ब्रेकही नसतो. पण सायकलचा रस्ता घाटाचा होता आणि प्रत्येक उतारावर बाईंनी दोन्ही ब्रेक आवळून धरले. सायकलसाठी ठरलेली वेळ संपली आणि मागून येणाऱ्या व्हॅनने त्यांना उचललं. व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून त्या रडत होत्या आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय मात्र चटईवर दाबत होत्या. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "मॅडम, गाडी मी चालवतोय."

चष्मेवाल्यांना हे सगळं पहिल्यापासून नको होतं. मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घरात दोघंच. रविवार म्हणजे त्यांच्या लेखी उशिराचा चहा, पेपर आणि बायकोशी वायफळ गप्पा. आता रविवारी उठावं तर बायको तीस किलोमीटरवर. खोल पाण्याची त्यांना भीती वाटायची. ती तलावात शिरली की परत येईपर्यंत त्यांचा चहा तसाच निवायचा. पण ते हे कधी बोलले नाहीत. भांडण व्हायचं ते कपाटावरून. सायकल ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती, म्हणून ती झोपायच्या खोलीत त्यांच्या लोखंडी कपाटासमोर उभी असायची. शर्ट काढायचा तर पोट आत घेऊन आडवं व्हावं लागायचं.

"एक तर कपाट हलेल, नाही तर सायकल," ते म्हणायचे.

"कपाट हलवा."

"ते लग्नात आलंय. तेव्हापासून हललं नाही. माझी कंबर मोडेल."

असं बरेच दिवस चाललं आणि शेवटी दोघांत ठरलं. या वर्षी स्पर्धा आपल्याच शहरात आहे. एकदा प्रयत्न करायचा. पूर्ण झाली तर पुढचं पुढे बघू. नाही झाली तर सायकल घराबाहेर, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. हो म्हणाल्या.

स्पर्धेच्या सकाळी तलावात शेकडो माणसं एकदम शिरली. कुणाचा पाय नाकावर, कुणाचं कोपर कानावर. बाईंचा गॉगल निघून कपाळावर गेला. पण जरा आत गेल्यावर गर्दी पांगली आणि मग त्यांचे हात लागले चालायला. एक श्वास डावीकडे, मग तोंड पाण्यात, मग पुन्हा डावीकडे. त्या पाण्याबाहेर आल्या तेव्हा काठावर चष्मेवाले उभे होते, आणि धावत बाहेर पडलेल्या बाईंपेक्षा तेच जास्त धापा टाकत होते.

सायकलच्या चार फेऱ्या होत्या. रस्ता गाड्यांसाठी बंद केलेला, दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या. फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. शहराच्या कडेच्या मोठ्या चौकातला सिग्नल चालूच राहिला होता. या बाजूच्या रस्त्याला तिथे हिरवा म्हणजे डोळा मिचकावण्याइतका, बाकी सगळा वेळ लाल. आदल्या दिवशी संयोजकांनी सगळ्यांना सांगितलं होतं की सिग्नलकडे लक्ष देऊ नका. बाईंनी मान डोलावली होती.

पहिल्या फेरीत त्या चौकात आल्या, आणि थांबल्या.

थांबल्या म्हणजे अगदी रीतसर. दोन्ही ब्रेक, पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे पाय टेकवून, नजर दिव्यावर. मागून येणारा एक तरुण कसाबसा त्यांना चुकवून गेला आणि जाता जाता शिव्या देऊन गेला. चौकाच्या कोपऱ्यात छत्रीखाली दोन खुर्च्या होत्या. एकीवर पोलीस फोनमध्ये बोटं फिरवत बसला होता, दुसरीवर चष्मेवाले, हातात थर्मास.

"अहो बाई, जा ना!" पोलीस बसल्या बसल्या ओरडला. "रस्ता बंद आहे!"

बाई भानावर आल्या, तोवर दिवा हिरवा झालाही होता. त्या निघाल्या. पण चौक संपला की लगेच चढ सुरू होत होता. बाकीचे चौकाआधीच्या उताराच्या वेगावर अर्धा चढ फुकटात चढत होते. बाईंना तो शून्यापासून चढावा लागला, सगळा भार त्याच खाल्लेल्या गुडघ्यावर.

दुसऱ्या फेरीत त्या चौकाच्या कितीतरी आधीपासून स्वतःला बजावत आल्या. रस्ता बंद आहे. लाल असला तरी जायचं. जायचं म्हणजे जायचं. आणि पट्टीशी आल्यावर हातांनी ब्रेक दाबलेच. बावीस वर्षांत अंगात जे मुरलं होतं ते विचारापेक्षा चपळ होतं. त्यात भर म्हणजे दोरीपलीकडे त्यांचेच दोन-तीन जुने विद्यार्थी टाळ्या पिटत होते. त्यांच्यादेखत लाल तोडायचा? बाईंना स्वतःचाच संताप आला. पुन्हा चढ, पुन्हा गुडघा.

तिसऱ्या फेरीत गुडघ्यातून कळ डोक्यात गेली. त्या पट्टीशी उभ्या राहिल्या, वाकल्या आणि गुडघ्याला हात लावला. घड्याळ न बघताही कळत होतं की अजून एकदा असं झालं तर व्हॅन येणार. त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. चष्मेवाले त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बाईंना कळलं नाही, पण नवरा एवढ्या उन्हाचा बसून राहिला आहे हे पाहून त्यांना एकदम भरून आलं आणि त्या हसल्या. कसल्या येड्या आहोत आपण, अशा अर्थाने. ते हसले नाहीत. थर्मासचं झाकण उघडून आत बघत बसले.

चौथी फेरी बाईंनी दात-ओठ खाऊन मारली. उतारावर आल्या तेव्हा पुढे पिवळ्या दिव्याची व्हॅन दिसली, चौकाच्या पलीकडे बाजूला लावलेली. आणि सिग्नल लाल. हात ब्रेककडे जायला लागलेच होते.

तेवढ्यात त्यांना पोलीस दिसला. खुर्चीत नव्हता. भर चौकात उभा होता, पाय जुळवून, टोपी नीट घालून. एक हात आडव्या रस्त्याला अडवून ताठ, दुसरा कोपरात वाकवून त्यांना बोलावणारा. अगदी फळ्यावर काढलेल्या चित्रातला पोलीस. तोंडात शिट्टी.

बाईंनी दिव्याकडे पाहिलंच नाही. हात ब्रेकवरून सुटले. त्या पट्टीवरून गेल्या, पोलिसाच्या अंगावरून वारा गेला, आणि त्या वेगात चढ अर्ध्यावर आला तेव्हा त्यांना कळलं की आपण थांबलो नाही. त्या मोठ्याने हसत सुटल्या. शेजारून जाणाऱ्या माणसाला वाटलं, ऊन लागलं.

सायकलची वेळ संपता संपता त्या सायकल-स्टँडवर पोचल्या. मग पळणं. पळणं म्हणजे सुरुवातीला पळणं, मग चालणं, मग ज्याला काही नावच नाही असं काहीतरी. उजवा पाय ओढत त्या पाण्याच्या टेबलापासून पाण्याच्या टेबलापर्यंत जात राहिल्या. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, दिवे लागले. एका वळणावर त्या कठड्याला धरून थांबल्या आणि मनाशी म्हणाल्या, पुरे. मग आठवलं की आज एकदा आपण न थांबता गेलो होतो, आणि ते किती बरं वाटलं होतं. कठडा सुटला.

शेवटच्या कमानीशी माणसं थोडीच उरली होती. माईकवरच्या माणसाचा आवाज बसला होता. कमानीवरच्या घड्याळात अजून थोडा वेळ होता, आणि तेवढा बाईंना पुरला. गळ्यात पदक पडलं. पाय गेले. चष्मेवाल्यांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून फुटपाथच्या कडेला बसवलं आणि त्यांच्या तोंडासमोर वाकले.

"आता कसं दिसतंय?"

"दोन दोन दिसताय," बाई म्हणाल्या. "एकच पुरे होता."

ते शेजारी बसले. थर्मास हातात फिरवला.

"पोलिसाला मी उभं केलं," ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"त्याला म्हटलं, तोंडाने सांगून ती ऐकायची नाही. उभे राहा, टोपी घाला आणि हात करा. हात कसा करायचा तेही मीच दाखवलं. भिंतीपलीकडून बावीस वर्षं ऐकतोय, पाठ नाही होणार?"

"अहो..." बाईंचे डोळे भरले. "कित्ती हुशार हो तुम्ही! उगाच नापास केलं तुम्हाला."

"थांब. पुरतं ऐक." त्यांनी थर्मास खाली ठेवला. "मला हे पहिल्याच फेरीला सुचलं होतं. तू पट्टीशी थांबलीस ना, तेव्हाच. पण मी गप्प बसलो. दुसऱ्या फेरीलाही गप्प. म्हटलं, थांबू दे. इथं अडली तर घरी येईल. माझे रविवार मला परत मिळतील."

तीन वेळचा तो चढ बाईंच्या गुडघ्यात अजून ठणकत होता. यांना पोलिसाला एक हाक मारायची होती फक्त. त्यांना राग आला, चांगलाच आला.

"मग चौथ्या वेळी काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या वेळी तू गुडघा धरलास. मला वाटलं, आता रडशील, आणि मग मी उठून येईन, घेऊन जाईन तुला. तर तू माझ्याकडे बघून हसलीस. अशी हसलीस, जशी हल्ली घरात हसत नाहीस. मग मी तुला कशासाठी घरी नेत होतो?"

बाईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. राग होता तसाच होता. पण डोकं ठेवायला जागा तीच होती. समोर लोक कमानीचे खिळे काढत होते.

"सायकल आणायला हवी," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "तिकडे स्टँडला लावलीये."

"मी आणतो. हातात धरून आणायला लायसन्स लागत नाही ना?" ते उठले, दोन पावलं गेले, आणि मागे वळले.

"उद्या जरा मदतीला कुणाला तरी बोलवू," ते म्हणाले. "कपाट हलवायचंय."