मावशीचा घडीचा फोन

माझ्या मावशीच्या हातांना एक खोड आहे. उघडं, पसरलेलं काही दिसलं की त्याची घडी घालायची. तिची लॉण्ड्री आहे आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहूनच तिची हयात गेली. जेवताना बोलता बोलता ती हातपुसणं चौकोनी करते, मी वाचत असलेलं वर्तमानपत्र माझ्या हातातून काढून मिटते. तिच्याकडे राहायला गेलात तर रात्री पाणी प्यायला उठू नका, परत येईपर्यंत तुमचं पांघरूण कपाटात गेलेलं असेल.

अशा बाईने फोन घेतला तोही घडीचाच! जुना फोन ॲप्रनच्या खिशातून धुलाईच्या यंत्रात गेला आणि चादरींबरोबर लख्ख धुऊन निघाला, तेव्हा मी तिला दुकानात घेऊन गेले. दुकानदार एकेक फोन दाखवत होता आणि मावशी एकेकाला नाक मुरडत होती. शेवटी त्याने एक चपटी डबी काढली आणि उघडली, तर आत हा एवढा लांबलचक टचस्क्रीन. त्याने ती परत मिटली. टप्! पन्नाशी ओलांडलेली माझी मावशी भर दुकानात खिदळली.

"अगं, ह्याची घडी होते!" मग तिने स्क्रीन डोळ्यांजवळ नेला. "मधोमध जराशी सुरकुती राहिलीय हो. इस्त्री फिरवली तर जाईल का?"

दुकानदाराने घाईघाईने फोन आपल्याकडे ओढला.

मग काय विचारता! रिंग वाजली की अंगठ्याने झोकात उघडायचा, बोलणं संपलं की टप्. साबणवाल्याशी वाजलं असेल तर टप् जरा जोरात. इस्त्रीने तिच्या बोटांची टोकं राठ झालीत, त्यामुळे स्क्रीन तिला कधी दाद देतो, कधी देत नाही. मग ती करंगळीने काम भागवते आणि फोनला चार शिव्या हासडते. पण तो अर्धा उघडून टेबलावर काटकोनात उभा राहतो, यावर ती फिदा आहे. दोन्ही हात मोकळे! इस्त्री करता करता समोरच्याचं तोंड बघत गप्पा मारता येतात.

समोरचं तोंड बहुतेक वेळा लिफ्टवाल्यांचं असायचं. ते लिफ्ट दुरुस्त करतात. बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, घरी एक नोकरी करणारी मुलगी आहे. पूर्वी ते एक शर्ट टाकायला येऊन तासभर रेंगाळायचे, फोन आल्यापासून व्हिडिओ कॉल करायला लागले. मावशीचं लग्न झालेलं नाही. दोघांच्या मनात काय आहे ते अख्ख्या गल्लीला कळत होतं, पण लिफ्टवाले इतके बुजरे की विचारतील तर शपथ.

सुट्टीच्या दिवशी मी मावशीच्या काउंटरवर बसते. त्या दिवशीही बसले होते. मागून, मावशीच्या फोनवरून लिफ्टवाल्यांचा आवाज आला, "जरा महत्त्वाचं विचारायचं होतं." मी कान टवकारले. पँट घेऊन आलेल्या गृहस्थांना मी हातानेच थांबवलं.

"मुलीशी बोललोय मी. ती म्हणाली, विचारा. तर तुम्ही... म्हणजे आपण दोघांनी..."

मी वळून पाहिलं. मावशी लालबुंद झाली होती आणि तिचे हात मशीनसारखे चालले होते. बाही, बाही, कॉलर, घडी. पुढचा शर्ट. बाही, बाही, कॉलर, घडी.

"आपण दोघांनी लग्न केलं तर—"

टप्.

शर्टांच्या गठ्ठ्यावर फोन नीट मिटून ठेवलेला होता.

"मावशी! अगं, तू नाही म्हणालीस त्यांना!"

"मी कुठे काय म्हणाले?"

"तोंडावर फोन मिटलास की!"

तिने हातांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली. "तो माणूस पुन्हा नाही गं विचारायचा. लाजेने शर्टसुद्धा दुसरीकडे टाकेल." तिने फोन उघडला, पण बोटं घामेजलेली. स्क्रीन ढिम्म हलेना. करंगळीही चालेना. मी फोन हिसकावून घेतला आणि स्पीकरवर साधाच कॉल लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला.

"लावत राहा, लावत राहा!" पँटवाले गृहस्थ काउंटरवर पार ओणवे झाले होते.

एकदाचा उचलला गेला. मावशीने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "हो! ऐकलंत का? हो म्हणतेय मी! फोन चुकून मिटला. करते मी लग्न, उद्या म्हणाल तर उद्या!"

पलीकडून एक तरुण आवाज, "मी त्यांची मुलगी बोलतेय."

मावशीचा हात फोन मिटायला निघाला. मी दोन्ही हातांनी तो उघडा धरून ठेवला.

"बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिलेत. म्हणाले, कुणाचाही फोन घेऊ नकोस. थांबा हं!" आणि मग कानठळ्या बसतील असं, "बाबा! अहो बाबा, हो म्हणाल्या! हो!" काहीतरी धाडकन पडलं. पँटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर उड्याच मारत होते.

मुलगी धापा टाकत परत आली. "येतायत. तोंड धुतायत. तोवर एक विचारू? मी तुम्हाला काय म्हणू? मावशी चालेल?"

"मुळीच नाही!" मी मागून ओरडले. "मावशी माझी आहे!"

ती हसली. मग म्हणाली, "बरं. मग आई म्हणून बघते. जमेल तसं, हळूहळू."

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलंही नाही.

"हळूहळू कशाला?" ती म्हणाली. "आत्ताच म्हण की."