वाफ्यातले अपूर्णांक

मला राग लवकर येतो आणि एकदा आला की लवकर उतरत नाही. आमच्या खाडीकाठच्या शाळेतल्या मास्तरांवर आलेला राग तर आज पन्नाशी उलटली तरी पुरता उतरलेला नाही.

"मिठागरातल्या पोरांची डोकी खारावलेली असतात, त्यांत अपूर्णांक मुरत नाहीत," असं ते भर वर्गात म्हणत. त्या वर्गात माझा भाचा बसायचा. ठाण्याहून शाळाखात्याचे डिपुटी साहेब वर्षाची परीक्षा घ्यायला येत, तेव्हा मास्तर फक्त पास होण्यासारख्या पोरांची नावं यादीत घालत. पोरं नापास झाली की मास्तरांची नाचक्की व्हायची, म्हणून कच्ची पोरं त्या दिवशी घरीच ठेवायची असा रिवाज. भाच्याच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं, यंदा यादीत नाव नसेल तर पोरगा मिठागरात कामाला येईल. शाळा पुरे.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. मराठी सहावी पास झालेला आमच्या आळीतला मी एकटा. बहीण म्हणाली, "तू शिकलास ना, मग याला शिकव." तो आणि त्याचे दोन सोबती दुपारी माझ्याकडे येऊ लागले.

पोरं मुळीच कच्ची नव्हती. पावकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी हे सगळे पाढे त्यांना झोपेतही म्हणता येत होते. सतरा पाऊण किती, असं विचारलं की तोंडातून शब्द निघायच्या आत पावणेतेरा हजर. पण एक तृतीयांश म्हटलं की तिघेही छताकडे बघत. तिसऱ्या हिश्श्याचं पाढ्यात नावच नाही, मग तो असेल कसा? भाच्याने पाटीवर एक तृतीयांशाऐवजी 'पाव आणि थोडं' असं लिहिलं होतं आणि मास्तरांनी त्याबद्दल त्याला अंगठे धरून उभं केलं होतं. मला ते उत्तर फार खोटं वाटलं नाही. जो हिस्सा कधी कानावर पडला नाही, तो पोरगा आणणार कुठून?

मी पाट्या घरी ठेवायला लावल्या आणि त्यांना मिठागरावर नेलं. एक वाफा अजून कोरडा होता. काठीने उभे तीन पट्टे पाडले, आडवे चार. बारा घरं झाली. "आता तिसरा हिस्सा दाखवा." एक उभा पट्टा, चार घरं. "चौथा?" एक आडवा पट्टा, तीन घरं. "चार घरं आणि तीन घरं मिळून?" भाचा उड्या मारायलाच लागला. बारातली सात! पुढे आम्ही अवयवही तसेच शिकलो. अठरा पावलांची जागा दोन-दोनच्या, तीन-तीनच्या, सहा-सहाच्या वाफ्यांत सारखी बसते. तेरा पावलांच्या जागेत कसेही बांध घाला, काहीतरी उरतंच. बांध घालणं त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. त्यालाच गणित म्हणतात, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांना हे कळलं. त्यांनी मला वाटेत गाठून विचारलं, "चिखलात कसलं रे गणित शिकवतोस? पुस्तकात नियम दिलेला आहे."

"नियम पाठ आहे तुमच्या पोरांना," मी म्हणालो. "तो तसा का, ते एकाला तरी विचारून बघा."

मास्तरांनी यादीत तिघांचीही नावं घातली नाहीत. परीक्षा झाली आणि डिपुटी साहेब पुढच्या मुक्कामाला कल्याणला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला घेऊन ठाण्याहून आगगाडीने कल्याणला गेलो. बाकी दोघांच्या बापांनी सोडलं नाही. धर्मशाळेच्या ओट्यावर साहेब कागद बघत बसले होते. मी म्हणालो, "या मुलाची परीक्षा राहिली आहे. घ्या." विनंती करायची ते राहूनच गेलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पोराला उदाहरण घातलं, पाच षष्ठांशांतून तीन अष्टमांश वजा कर.

पोरगा ओट्याखाली उतरला आणि धुळीत आखू लागला. सहा पट्टे उभे, आठ आडवे. "अठ्ठेचाळीसातली बावीस, सायेब."

"हिशेब बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण पुस्तकात यापेक्षा लहान छेद घेतात. लघुतम कसा काढायचा?"

लघुतम काढायचा नियम मी शिकवलाच नव्हता. मास्तरांवरच्या रागापायी पुस्तक उघडायचं नाही अशी शपथच मी घेतली होती. माझ्या हट्टाची किंमत आता हा पोरगा भरणार, हे मला स्वच्छ दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली.

पोरगा मात्र आकृतीकडे बघत उकिडवा बसून राहिला. मग त्याने हाताने एक आड एक आडवी रेघ पुसायला सुरुवात केली.

"निमे बांध उगाच घातलं," तो म्हणाला. "सहातही दोन हाय, आठातही दोन हाय. मीनी तो दोनदा घेतला. चोवीस घरांत भागतंय. अकरा उरली."

साहेब खाली उतरले आणि त्यांनी वाकून ती घरं स्वतः मोजली. मग यादी मागवून तळाशी भाच्याचं नाव लिहिलं. 'कोणापाशी शिकला' या रकान्यात त्यांनी मास्तरांचं नाव घातलं, कारण शाळेच्या मास्तराशिवाय तिथे दुसरं कुणाचं चालत नसे. मी म्हणालो, "घाला खुशाल. पोराचं नाव तेवढं नीट लिहा."

संध्याकाळी घरी आलो तर भावजी अंगणात उभे. पोरगा पास झाला हे ऐकून ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. थकलेले दिसले.

"आन मीठ कोन ओढील?" त्यांनी विचारलं. "यंदा दोन हात कमी हायेत माझे. पास झाला म्हनून मीठ आपोआप येनार हाय का वर?"

"मी ओढीन," मी म्हणालो.

सहावी पास माणूस मिठात उतरला म्हणून आळी महिनाभर हसली. मास्तरही एकदा बांधावरून जाताना थांबून बघून गेले. माझ्या टाचांना भेगा पडल्या, त्यांत खारं पाणी शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. रोज सकाळी भाचा दप्तर घेऊन त्याच बांधावरून शाळेला जायचा, आणि तो दिसेनासा होईपर्यंत मी मान ताठ ठेवून उभा राहायचो.