उजवीकडचा रॅक

"अंडी चांगली आहेत, ताई!"

"मी कधी म्हटलं वाईट आहेत?"

"मग झालं तर!"

"काय झालं तर? तारीख खोटी आहे, बारक्या. माझ्या हातची खोटी तारीख त्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलीय."

"हळू बोल. बाहेर बायका ऐकतायत."

"ऐकू देत. बहिऱ्या थोड्याच आहेत!"

काचेपलीकडे पॅकिंगच्या टेबलाशी बसलेल्या बायकांनी एकदम माना खाली घातल्या आणि आधीच बंद असलेली खोकी पुन्हा दाबून बंद करायला घेतली.

बारक्या म्हणजे या कारखान्याचा मालक. नावालाच बारक्या, थंड खोलीच्या दारातून आत जायचं तर हल्ली त्याला पोट आत ओढावं लागतं. पण आई गेल्यावर ज्या बहिणीने त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या शेंबडासकट त्याला कडेवर मिरवलं, तिच्या लेखी तो बारक्याच. आणि ती? तिला सगळा कारखाना तारीखताई म्हणतो. तोंडावरसुद्धा.

इथे कोंबडीघरांतून अंडी येतात, ट्रेमध्ये भरून रॅकवर चढतात आणि थंड खोलीत थांबतात. मग त्यांना गरम पाण्याच्या हौदात सोडायचं. पाणी असं गरम, की जंतू मरावेत पण अंडं शिजू नये. हौदातून निघालेलं प्रत्येक अंडं ताईच्या यंत्राखालून जातं आणि खट्‌कन त्याच्यावर विक्रीची शेवटची तारीख उमटते. त्या 'खट्'वर तिचा भारी जीव. स्वतः मात्र अंड्याला तोंड लावत नाही. "दिवसभर नाकात असतं, पोटात कशाला?" म्हणते.

तारखांचं हे वेड घरीही पाठ सोडत नाही. कुणाकडे गेली की आधी हातात डबा घेणार, उलटा करणार, चष्मा कपाळावर सरकवणार आणि पुटपुटत वाचणार. बारक्याची बायको म्हणते, "ताई यायच्या असल्या की मी घर नंतर आवरते, आधी फ्रिज आवरते." ताई यावर सगळ्यांत मोठ्याने हसते, आणि हसता हसता फ्रिज उघडते.

नवीन बाईला ती पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगते, "हौदातून निघालं म्हणजे अंडं नव्याने जन्माला आलं असं नाही हं. तारीख मोजायची ती ट्रेमध्ये भरल्या दिवसापासून. रॅकवर चिठ्ठी असते. ती वाचायची. दरवेळी वाचायची."

ती स्वतः वाचायची नाही. तिला गरजच पडत नसे. थंड खोलीत जुना माल डावीकडे, ताजा उजवीकडे, ही मांडणी तिचीच. अंधारातही तिचा हात चुकला नसता.

हॉस्पिटलची पहिली ऑर्डर आली तेव्हा बारक्याला कोण आनंद झाला! त्या भरात, ताईला खूश करायचं म्हणून, त्याने सुट्टीच्या दिवशी एकट्याने थंड खोली धुऊन काढली. रॅक बाहेर ओढले, भिंती घासल्या, रॅक परत आत लावले. उलटे. दुसऱ्या दिवशी ताईने हॉस्पिटलसाठी ताजा माल म्हणून उजवीकडचा रॅक ओढला, यंत्रात ताजी तारीख लावली आणि गाणं गुणगुणत शिक्के मारले. आज सकाळी तिने डावीकडचा रॅक काढायला सांगितला, तर नव्या बाईने शिकवल्याप्रमाणे चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "ताई, हा तर ताजा आहे."

"फरक किती आहे?" बारक्या आता समजावणीच्या सुरात आला. "आठवडाही नाही. खऱ्या तारखेलासुद्धा अजून वेळ आहे. तोवर खाऊन संपतील."

"संपतील कशावरून? तिथली स्वयंपाकीण तारीख बघून खोकी मागे सारेल. अजून अवकाश आहे म्हणेल. आणि मग ती अंडी अर्धीकच्ची कोणाच्या ताटात जाणार? ज्यांच्या पोटात काही ठरत नाही त्यांच्या. म्हणून तर त्यांनी आपली, जंतू मारलेली घेतली ना? तिला अंड्याच्या आतलं दिसत नाही, बारक्या. तिला तारीखच दिसते."

बारक्या खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली.

"रॅक मी हलवले," तो म्हणाला. "तुझी चूक नाहीच मुळी."

"शिक्का कोणी मारला?"

"तुला बरं वाटावं म्हणून केलं गं."

ताईचा आवाज खाली आला. "बघितल्या मी भिंती. छान घासल्यास. कोपरेसुद्धा." मग त्याच्या कॉलरवर चिकटलेलं पीस तिने काढून टाकलं. "लहानपणी कधी एक ताट घासलं नाहीस, आणि आता बघा."

तो हसला. तीही हसली. काचेपलीकडच्या बायकांना वाटलं, मिटलं बहुतेक.

"मग राहू दे ना," तो म्हणाला.

"नाही. खोकी परत आणायची. ताजा रॅक हौदातून काढून तोच द्यायचा. आणि का, ते तोंडाने सांगायचं."

"ताई, पहिली खेप आहे! पहिल्याच खेपेला 'तारीख चुकली' म्हणून सांगायला गेलो तर दुसरी मागतील का ते? त्या ऑर्डरच्या जिवावर मी बायका घेतल्यात कामावर. ती नवीन, चिठ्ठी वाचणारी, तिची जुनी नोकरी सोडायला तूच लावलंस. लावलंस ना?"

"लावलं."

"तिला उद्या काय सांगू? तू खरं बोललीस म्हणून तू घरी बस?"

ताईने डोक्यावरची जाळी काढली. घडी घालून खिशात ठेवली, परत काढली, पुन्हा घडी घातली.

"सांग ना. काय सांगू मी तिला?"

खिळ्याला अडकवलेली माल पोचवायच्या गाडीची किल्ली ताईने काढून घेतली आणि दार उघडलं. टेबलाशी नवीन बाईने तिला वाट करून द्यायला आपलं स्टूल ओढून घेतलं आणि वर बघितलं. तिच्याकडे न बघता ताई बाहेर पडली.