दुसरी बाजू ऐकायला मेडशीच्या वाटेवर

पेटी एसटीच्या टपावर चढली, नलिनी शिडीवर अर्ध्यात होती, आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टर खालून ओरडला, "बाई, उतरा! का टपावरूनच येता?" ती उतरली. पेटीत नवरीची पांढरी साडी होती आणि कायद्याची तीन पुस्तकं. पुस्तकांमुळे पेटी जड झाली होती.

ही गोष्ट कारंजा लाडच्या स्टँडवरची, आणीबाणी उठल्यानंतरच्या एका माघातली. तेव्हा हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा पुढे झाला. अलीकडे काही वाचक या रस्त्याबद्दल विचारतात, म्हणून लिहिते आहे.

मी नागपूरला मराठीत एम.ए. करत होते. नलिनी माझ्या खोलीत राहायची. ती एलएल.एम. करत होती, आंतरराष्ट्रीय कायदा घेऊन, आणि तिच्या प्रबंधाचा विषय मानवी हक्क हा होता. तिच्या वर्गात हा विषय घेणारी ती एकटी. दोन आंतरराष्ट्रीय करार नुकतेच लागू झाले होते. भारताची त्यांवर अजून सही नव्हती. खोलीतल्या भिंतीवर तिनं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची कलमं हातानं लिहून लावली होती. मी दात घासताना ती वाचत असे.

तिच्या आत्याच्या मुलीचं, सुजाताचं, लग्न ठरलं होतं. त्यांच्याच वस्तीवर गावानं बहिष्कार टाकला होता. नलिनीला लग्नालाही जायचं होतं आणि प्रबंधासाठी हकीकतही नोंदवायची होती. तिचे मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "घरचं प्रकरण आहे. दुसरी बाजू ऐकली नाहीस तर कोणी वाचणार नाही." हे वाक्य ती अमरावतीपर्यंत दोनदा बोलली.

कारंज्याला गाडी बदलावी लागते. आमच्या हातात तासभर होता. जैन मंदिरं बघायची राहिली, कारण पेटी सोडून जाता येईना. कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला. स्टँडवरचा आलूबोंडा गरम होता. चहा टाळावा असा होता.

शेलूबाजारला गाडी भरली. बाजाराचा दिवस होता. एका म्हातारीनं तिची कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली आणि विचारलंही नाही. मालेगावनंतर गाडीत जागा झाली. मेडशीला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. पुढे तासभर पायवाट. दोन्ही बाजूंना कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि मधे काळी, भेगाळलेली जमीन. आता तिथे डांबरी रस्ता आहे आणि शेलूबाजारहून जीप थेट जाते, असं ऐकते. तेव्हा आम्ही पेटी आळीपाळीनं डोक्यावर घेतली.

गोदाआत्याचं घर गावाच्या कडेला, नाल्याकडे तोंड करून. सारवलेली ओसरी, भिंतीवर दोन तसबिरी, खाली ताजी फुलं. कोपऱ्यात लग्नाच्या गव्हाची पोती. आत्यानं आधी नलिनीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग माझ्या.

"वायली वं नलू. कायदा खाऊन राह्यली का जेवत नाई?"

जेवताना हकीकत कळली. आदल्या उन्हाळ्यात गिरणीवाल्या देवरावांचा बैल मेला. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम या वस्तीनं दीक्षा घेतल्यापासून सोडलं होतं. मधली वर्षं गावानं ते मुकाट्यानं सोसलं. या वेळी देवरावांनी निरोप धाडला, कोणी गेलं नाही. बैल दोन दिवस पडून होता. त्यानंतर वस्तीचं दळण गिरणीत घेईनात.

"पोलिसात गेला होता का?" नलिनीनं विचारलं. आंतरराष्ट्रीय दारं ठोठावण्याआधी देशातली दारं ठोठावून झालेली असावी लागतात, असा नियम आहे. तो तिला पाठ होता.

"गेलतो ना. त्यायनं म्हटलं, दयन दयाले पोलीस काय करतीन?"

"मग ही भाकरी?"

आत्यानं दाराकडे पाहिलं. मग हळू सांगितलं. नाल्यापलीकडे रुखमाबाईंचा भाजीचा मळा होता. माळ्याचं घर. रुखमाबाई दळणाला जाताना वस्तीतल्या तीन-चार घरांची ज्वारी आपल्या ज्वारीत मिसळून नेत आणि पीठ अंधार पडल्यावर मळ्याच्या कुंपणावरून देत. लग्नाचे गहूही त्याच नेणार होत्या, परवा सकाळी, आपल्या गाडीत, आपलेच म्हणून. वांगीही त्यांच्याच मळ्यातली येणार होती.

"पोयीबिगर लग्न लागते, पन वऱ्हाडी नाव ठेवतात," आत्या म्हणाली. सुजाता खाली मान घालून हसली.

दुसऱ्या दिवशी नलिनीनं वस्तीतल्या बायांचं म्हणणं लिहून घेतलं. दुपारी ती उठली आणि गिरणीकडे निघाली. आत्या आडवी आली.

"काहून जातं तिकडं?"

"दुसरी बाजू ऐकल्याशिवाय लिहिता येत नाही, आत्या."

"दुसरी बाजू आमी रोजच आयकतो."

नलिनी गेली. मीही गेले.

गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची. तिचा टुक टुक आवाज गावाबाहेरूनही येई. देवराव खुर्चीत बसले होते, टोपीवर पिठाची साय. त्यांनी आम्हाला बाज दिली, चहा मागवला.

"सरकारकडून आल्या का तुमी?"

"नाही. मी कायदा शिकते. मानवी हक्कांचा. आंतरराष्ट्रीय."

"म्हंजे अमेरिकेत चालते तो?"

"सगळ्या जगात चालावा असा."

"मंग माह्या गिरनीत काहून आला?" दळणाला आलेल्या बायका हसल्या. देवरावही हसले. "अन् ह्या?"

"मैत्रीण आहे. मराठी शिकते."

"मराठी शिकाले लागते?" पुन्हा हसू.

नलिनीनं शांतपणे विचारलं की वस्तीचं दळण ते का घेत नाहीत. देवराव म्हणाले, कोणी आणलंच नाही. आणलं होतं आणि परत पाठवलं, असं तिनं सांगितलं. ते पुढे वाकले.

"काल रातच्याले काय जेवल्या?"

"भाकरी."

"पीठ कोनाचं?"

तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"मंग लिहा तुमच्या कागदावर, देवराव कोनाले उपाशी ठेवत नाई. भाकर खाऊन, ढेकर देऊन लिहा. चूल पेटते तर बहिष्कार कुठी हाये?"

ती तिथेच गप्प बसती तर. पण ज्याला कायदा शिकवला आहे त्याला पुरावा अपुरा राहिलेला सोसत नाही. नलिनी म्हणाली, "ते पीठ दुसऱ्याच्या दळणातून येतं. लपूनछपून आणावं लागतं, हाच बहिष्कार."

नाव तिनं घेतलं नाही. देवरावांनी विचारलंही नाही. ते इंजिनाजवळच्या गड्याकडे वळले.

"मयातल्या रुखमीचं दयन अलीकडं वाढलं, नाई का रे? मी म्हटलं, पाव्हने असतीन."

चहा आला. तो चांगला होता, दुधाचा.

परतताना आम्ही नाल्याशी थांबलो. पलीकडे रुखमाबाई वांग्यांच्या ओळीत वाकल्या होत्या. त्यांनी हात हलवला. नलिनीनंही हलवला. त्यांना सांगायला ती नाल्यात उतरली आणि तशीच परत आली. गिरणीचा गडी मागे रस्त्यावर उभा होता.

घरी तिनं आत्याला सगळं सांगितलं, काही न वगळता.

आत्या बराच वेळ गहू निवडत राहिली. "बहिनीनं धाडलं म्हनाचं," ती शेवटी म्हणाली. "मेडशीवरून आनलं म्हनाचं."

"खोटं बोलायला हवं होतं?"

"त्याच्यापाशी? हो, माय."

लग्न ठरल्या दिवशी लागलं. सुजाता पांढऱ्या साडीत फार लहान दिसत होती. भाजीत वांगी नव्हती. मी दोनदा कुंपणाकडे पाहिलं. रुखमाबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही चालत मेडशी गाठली आणि त्याच गाड्यांनी परतलो. पेटीत आता फक्त पुस्तकं होती. कारंज्याला थांबायला वेळ होता, तरी मंदिरांकडे गेलो नाही.

नलिनीचा प्रबंध पूर्ण झाला. गावाचं प्रकरण त्यात नाही; ती जागा तिनं दुसऱ्या देशातल्या एका छापील खटल्यानं भरली. परीक्षकांनी तिच्या समतोलाची तारीफ केली. भिंतीवरची कलमं तिनं काढली नाहीत, पण मी वाचायची थांबले. आम्ही पुढे त्या दुपारीबद्दल बोललो नाही. कोणी मला विचारलं की त्या भागात बघण्यासारखं काय आहे, तर मी कारंज्याची मंदिरं सांगते. ती मी अजून पाहिलेली नाहीत.

गिरणीवर गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईंची गाडी गव्हाची पोती घेऊन गिरणीकडे गेली आणि लगेच परत आली. पोती शिवलेलीच होती. सोबत त्यांची स्वतःची ज्वारीही तशीच होती. त्यांनी आमची पोती अंगणात उतरवली. आत्या म्हणाली, "चहा घे वं." त्या नको म्हणाल्या आणि आपली ज्वारी दळायला घेऊन मेडशीच्या वाटेला लागल्या. आत्यानं माळ्यावरचं जातं खाली घेतलं. त्याचा खुंटा हलत होता. नलिनीनं त्याला चिंधी गुंडाळली, सुजाताच्या समोर बसली, आणि दोघी दळू लागल्या. पहिल्या मुठीचं पीठ जाडं आलं.